पेन्सिलची नोंद

त्या बाईंचं उत्तर दोन ओळींचं होतं. "ठीक आहे, मी समजू शकते. तुम्हाला याआधी कोणीतरी फसवलं असणार." खाली नाव. राग नाही, तक्रार नाही, एक शब्द जास्तीचा नाही. मी लॅपटॉप मिटला आणि टेबलावर अर्धवट राहिलेल्या वहीकडे वळले. सातवा फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा, शिवायचा बाकी होता. दोऱ्यावरून मेणाचा खडा फिरवला, सुई ओवली, टाके घालत गेले आणि चार टाके झाल्यावर दिसलं की सहाव्या फर्म्याच्या साखळीत दोरा अडकवायचाच राहिला आहे. उसवलं, परत शिवायला घेतलं, परत तीच चूक. शेवटी सुई कागदात तशीच खोचून उठले. हाताला इतक्या वर्षांची सवय आहे की डोळे मिटूनही ही शिवण चुकू नये. त्या संध्याकाळी चुकत होती, कारण डोक्यात ती दुसरी ओळ फिरत होती. त्यांनी ती माझी बाजू समजून घेऊन लिहिली होती, म्हणूनच ती जास्त लागली.

झालं होतं असं. मी हाताने शिवलेल्या वह्या विकते. निम्म्याहून जास्त ग्राहक समुद्रापलीकडचे. या बाईंनी करड्या-निळ्या कापडी बांधणीची, कोऱ्या पानांची एक जाड वही मागवली, पैसे लगेच भरले आणि अर्ध्या तासाने मेल पाठवला. वही वडिलांसाठी आहे, ते दुसऱ्या गावी एकटे राहतात, तर पार्सल थेट त्यांच्याच पत्त्यावर जाईल का? लिहिताना त्यांचा हात थरथरतो आणि पेन दाबून लिहायची सवय आहे, कागद तेवढा जाड आहे ना? आणि कस्टम्सच्या कागदावर 'भेटवस्तू' असं लिहिता येईल का, म्हणजे पार्सल सोडवून घेताना त्यांना पैसे भरावे लागणार नाहीत. परदेशी माल पाठवणाऱ्या कुणालाही हा मेल दाखवा, तो दोन जागी बोट ठेवेल: पैसे भरल्यानंतर बदललेला पत्ता, आणि कस्टम्सच्या कागदावर भलतंच लिहायची विनंती. अशा वेळेसाठी माझ्याकडे तयार उत्तरांची एक फाईल आहे. तिच्यातला मजकूर मी उचलला आणि चिकटवला. पेमेंटसोबत आलेल्या पत्त्याखेरीज दुसरीकडे माल पाठवला जाणार नाही. कस्टम्सच्या कागदावर चुकीची माहिती लिहिली जाणार नाही. अशा विनंत्या फसवणुकीच्या व्यवहारांत वारंवार आढळत असल्याने ऑर्डर रद्द करून पूर्ण रक्कम परत करत आहोत.

कागदाच्या जाडीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

फसवलं होतं, हे खरंच होतं. धंदा सुरू केल्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. 'तुम्हाला पेमेंट मिळालं आहे' असा मेल आला की पैसे मिळाले, एवढीच माझी समज होती. एके दिवशी एकदम बारा वह्यांची ऑर्डर आली. माणूस गोड बोलणारा, प्रत्येक मेलमध्ये घाई. पहिलं कार्ड चाललं नाही, दुसरंही नाही, तिसरं चाललं. पत्ता नंतर कळवला. पाठवणावळ कितीही होऊ दे, सर्वांत वेगाचं कुरियर वापरा, म्हणाला. मला त्यात काही खटकलं नाही, उलट कौतुक वाटलं की माझ्या वह्यांसाठी कोणी इतकं आतुर आहे. तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. बारा वह्या, प्रत्येकीत आठ फर्मे, बोटांना दोऱ्याच्या खाचा पडल्या होत्या. शेवटची वही दाबाखालून काढली तेव्हा खळीचा किंचित आंबूस वास खोलीभर होता आणि मला तो वास कमाईचा वाटला. पार्सल गेलं, पोचलं, पोचल्याची सहीसुद्धा दिसली. तिसऱ्या महिन्यात निरोप आला की कार्डधारकाने हा व्यवहार आपण केलाच नसल्याचं बँकेला कळवलं आहे. माझ्या खात्यातून पूर्ण रक्कम वळती झाली, वर दंडासारखं एक शुल्क कापलं गेलं. कार्ड चोरीचं होतं.

त्या दिवसांत मला त्या कार्डधारकाचाही राग यायचा. अनोळखी देशातला एक माणूस, ज्याने महिन्याचा हिशेब तपासताना एक न ओळखीची ओळ पाहिली आणि फोन उचलला. माझे तीन आठवडे त्याच्या एका फोनने गेले, असं मी कित्येक दिवस स्वतःशी म्हणत होते. तोही माझ्याइतकाच लुबाडला गेला होता आणि त्याने केलं ते अगदी बरोबर होतं, हे पटायला वेळ लागला. ग्राहकाच्या बँकेने पैसे असे मागे खेचून घ्यायचे, याला चार्जबॅक म्हणतात. अमेरिकेत 1974 च्या एका कायद्याने क्रेडिट कार्डाच्या बिलातल्या चुकीवर, अगदी न मिळालेल्या मालाबद्दलही, 60 दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यायचा हक्क ग्राहकाला दिला. ब्रिटनमध्ये त्याच वर्षीच्या कायद्याने ठरावीक किमतीच्या मालाबाबत कार्ड देणाऱ्या संस्थेलाही विक्रेत्याइतकंच जबाबदार धरलं. आज मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत बहुतेक वादांसाठी साधारण 120 दिवसांची मुदत असते. पेपालसारख्या पैसे पोचवणाऱ्या सेवेवर खरेदीदार 180 दिवसांपर्यंत तक्रार नोंदवू शकतो. म्हणजे वही विकून, पैसे खात्यात पाहून, त्यातून नवा कागद विकत घेऊन, तो कागद कापून, शिवून झाल्यावरही पहिल्या वहीचे पैसे परत मागितले जाऊ शकतात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर, असं वाटायचं.

खरं तर सांगितलं होतं. मी ज्यांच्याकडे बाइंडिंग शिकले त्या काकांनी इंटरनेटवर एक वस्तूही विकली नाही. त्यांची हिशेबाची लांबट वही असायची, पाठीला कापड, कोपऱ्यांना कातडं. गिऱ्हाइकाने चेक दिला की काका त्या दिवशीच्या पानावर पेन्सिलने रक्कम लिहायचे. चेक वटला की तीच रक्कम शाईच्या पेनाने गिरवायची. मला तो दुप्पट उद्योग वाटे. एकदा म्हटलं, काका, चेक दिलाय ना त्यांनी, मग एकदाच शाईने का लिहीत नाही? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चेक दिलाय. पैसे द्यायचेत." एवढं बोलून ते पुठ्ठा कापायला लागले. पुढे कधीतरी, मी कामात बरी तयार झाल्यावर, चहाच्या वेळी स्वतःहून म्हणाले, "हातात आलेला पैसा आणि आपला झालेला पैसा यात काही दिवसांचं अंतर असतं बघ. त्या दिवसांत तो खर्चायचा नाही आणि देणाऱ्याला चोरही म्हणायचं नाही." यातला पहिला अर्धा भाग मला लक्षात राहिला.

तो अर्धा भागही एकदा पुष्कळ कामाला आला. एका गृहस्थांनी लिहिलं की मी बँकेचा चेक पाठवतो, पण कचेरीच्या सोयीसाठी तो किमतीच्या अडीचपट रकमेचा असेल. उरलेली रक्कम माझ्या मालवाहतूकदाराला रोखीने पोचती करा, तो वह्या घ्यायला येईल. चेक आलाही. जाड कागद, उठावाची छपाई, बोट फिरवलं तर खरखरीत लागणारा. कागदाच्या कामातली असल्यामुळे मला तो फार देखणा वाटला. अशा चेकची रक्कम बँक काही दिवसांत खात्यात दाखवते. अमेरिकेत तर ठरावीक दिवसांत ती वापरायला द्यावी असा 1987 चा कायदाच आहे. चेक खोटा असल्याचं मात्र कित्येकदा काही आठवड्यांनी कळतं. तोवर मधल्या माणसाला पाठवलेले आपले खरे पैसे गेलेले असतात, आणि खात्यातल्या खोट्या जमेचा खड्डा आपल्यालाच भरावा लागतो. मी वहीत पेन्सिलने रक्कम लिहिली आणि कुणालाही काही पाठवलं नाही. चेक खोटा निघाला. गृहस्थांचे मेल आधीच थांबले होते.

मग मी शिकत गेले. पैसे आल्याचा मेल आला की त्यातल्या दुव्यावर बोट ठेवायचं नाही, आपण स्वतः पत्ता टाइप करून खात्यात शिरायचं आणि तिथे रक्कम दिसली तरच ती आली असं धरायचं. एक नकली मेल माझ्याकडे अजून जपून ठेवलेला आहे. बोधचिन्ह तेच, निळा रंग एक छटा फिका, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जास्त. 'तुमची रक्कम आमच्याकडे सुरक्षित आहे, ट्रॅकिंग नंबर कळवताच ती मोकळी होईल.' जमा खात्यात दिसत नाही आणि माल आधी मागितला जातो, अशा वेळी कागद कितीही सुबक असला तरी थांबायचं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, पासवर्ड तर नाहीच. ज्याला ते हवे आहेत तो पैसे द्यायला आलेला नाही. कार्डाने पैसे घेताना ग्राहकाला त्याच्या बँकेकडून ओळख पटवायला लावणारी पायरी सुरू ठेवायची, कारण तशी ओळख पटल्यावर चोरीच्या कार्डाची जबाबदारी बहुतेक वेळा विक्रेत्याकडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. माल मिळाला नाही किंवा वर्णनासारखा नाही, या तक्रारींना मात्र ती ढाल चालत नाही. त्यासाठी फोटो काढायचे, वजनकाट्यावरचा आकडा दिसेल असे, पत्त्याची चिठ्ठी वाचता येईल असे, आणि पोस्टाची पावती त्यांच्यासोबत ठेवायची.

बँकेतून थेट पैसे मागवावेत असंही मध्यंतरी ठरवलं होतं. तेव्हा कळलं की परदेशातून पैसे 'येतात' ही बोलायची रीत आहे, येतो तो निरोप. 1973 साली ब्रसेल्समध्ये 15 देशांतल्या 239 बँकांनी मिळून स्विफ्ट ही संस्था उभी केली, 1977 पासून तिच्यावरून निरोप जायला लागले, आणि आज दोनशेहून जास्त देशांतल्या अकरा हजारांवर संस्था ती वापरतात. स्विफ्ट स्वतः एक पैसाही हलवत नाही. एक बँक दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला, आणि प्रत्येकीच्या वहीत जमा-नावे होत तो आकडा आपल्या खात्यापर्यंत पोचतो. मधल्या बँकेने वाटेत आपलं शुल्क कापलं तर ठरलेल्या रकमेपेक्षा कमीच हाती येतं, म्हणून खर्च कुणाच्या अंगावर हे आधीच ठरवून घ्यावं लागतं. असे आलेले पैसे मागे फिरवणं कार्डापेक्षा खूप अवघड. मला ते फार सुरक्षित वाटलं. मग एका ग्राहकाने साधा प्रश्न विचारला: मी बँकेतून पैसे पाठवले आणि तुम्ही वही पाठवलीच नाही तर मी कुणाकडे जायचं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पांघरूण आखूड आहे. मी ते माझ्या अंगावर ओढलं की समोरच्याचे पाय उघडे पडतात. आजवर मला दोघांना पुरेल असं पांघरूण सापडलेलं नाही. त्रयस्थाकडे पैसे ठेवायची सोय आहे, मोठ्या व्यवहारांत ती चांगली, पण एका वहीसाठी तिचा खर्च परवडत नाही.

त्या ग्राहकाच्या जागी मीही एकदा होते. घडी दाबायला आम्ही हाडाची एक पट्टी वापरतो. हाताने घासून तशा पट्ट्या बनवणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडून, दूरच्या देशातून, मी एक मागवली. पैसे भरले, ट्रॅकिंग नंबर आला आणि त्यानंतर सगळं शांत. दहा दिवस, पंधरा दिवस, तोच एक शेरा: 'माहिती प्राप्त'. मेलला उत्तर नाही. एका रात्री मी तो नंबर घेऊन बसले. टपालाच्या आंतरराष्ट्रीय नंबरात आधी दोन अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं असतात, आणि नऊपैकी शेवटचा अंक आधीच्या आठांवरून काढलेला असतो. पुठ्ठ्याच्या कापलेल्या तुकड्यावर ते आठ अंक मांडले, त्यांना ओळीने 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 ने गुणलं, बेरीज केली, 11 ने भागलं, बाकी 11 मधून वजा केली. एक-दोन अपवाद सोडले तर तोच नववा अंक निघायला हवा. निघाला. क्षणभर छातीवरचं ओझं उतरलं आणि लगेच परत चढलं. नंबर नियमात बसणारा होता. पाकिटात काही आहे का, हे त्यातून कळण्यासारखं नव्हतं. कार्डाच्या नंबरालाही असाच एक तपासणीचा अंक असतो, आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांच्या पद्धतीचा, ज्याचं पेटंट 1960 साली मिळालं. टाइप करताना झालेली चूक तो पकडतो. कार्ड कुणाच्या हातात आहे, हे त्यालाही ठाऊक नसतं. माझ्या बारा वह्या नेणाऱ्या कार्डाचा तो अंक अगदी बरोबर होता.

तेविसाव्या दिवशी मी तक्रार नोंदवली. हो, जिच्या नावाने मी बोटं मोडत होते तीच तक्रार. एकतिसाव्या दिवशी पट्टी आली, खरखरीत तपकिरी कागदात, सुतळीने बांधलेली, आत एक चिठ्ठी की आजारी होतो, उशीर झाला, क्षमस्व. मी त्याच मिनिटाला तक्रार मागे घेतली. पट्टी आजही वापरते. एका कडेला किंचित पिवळी पडली आहे, आणि अंगठा टेकतो तिथे आरशासारखी गुळगुळीत झाली आहे. त्या आठ दिवसांत त्या माणसाचे पैसे अडकून पडले होते आणि माझ्याबद्दल त्याला काय वाटलं असेल, ते मी कधी विचारलं नाही.

इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या एका ग्रीक इतिहासकाराने कार्थेजच्या व्यापाऱ्यांची एक रीत नोंदवून ठेवली आहे. आफ्रिकेच्या दूरच्या किनाऱ्यावर जहाज लागलं की हे लोक आपला माल वाळूत ओळीने मांडत, धूर करत आणि जहाजावर परत जात. धूर पाहून तिथले रहिवासी येत, मालाशेजारी सोनं ठेवत आणि दूर जाऊन थांबत. व्यापारी उतरून पाहत. सोनं पुरेसं वाटलं तर उचलून निघून जात, नाही वाटलं तर पुन्हा जहाजावर जाऊन बसत, आणि ते लोक आणखी सोनं आणून ठेवत. मनाजोगतं होईपर्यंत व्यापारी सोन्याला हात लावत नसत, आणि सोनं उचललं जाईपर्यंत ते लोक मालाला. भाषा एक नाही, ओळख नाही, चेहरेही दुरूनच दिसलेले. मला त्यात सर्वांत भावतं ते मधलं अंतर. प्रत्येकाने मागे सरकून दुसऱ्याला जागा करून द्यायची. कोणी कोणाला 'तू चोर तर नाहीस ना' असं विचारत नाही. विचारायची वेळच येऊ नये अशी ती मांडणी आहे. आज मोठ्या व्यापारात बँकेचं पतपत्र, म्हणजे विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची लेखी हमी, असतं, त्याचे नियम पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने ठरवलेले, सध्याचे 1 जुलै 2007 पासून लागू आहेत. त्यातही बँक माल उघडून पाहत नाही आणि माणसाची पारखही करत नाही. ठरलेले कागद ठरल्याप्रमाणे आले का, एवढंच पाहते. आले असतील तर पैसे.

आठ महिन्यांनी, जुन्या ऑर्डरींचे फोटो आणि पावत्या आवरत होते तेव्हा त्या बाईंचा मेल पुन्हा समोर आला. त्याच्याखाली माझं उत्तर. इतक्या दिवसांनी ते दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखं वाचलं गेलं. पहिलं वाक्य योग्य होतं. पैसे पोचवणाऱ्या सेवा विक्रेत्याच्या बाजूने उभ्या राहतात त्या व्यवहारात नोंदवलेल्या पत्त्यावर माल गेला असेल तरच. मी वही वडिलांकडे पाठवली असती आणि पुढे काही झालं असतं तर माझ्या हातात काही नव्हतं. दुसरं वाक्यही योग्य होतं. त्यांच्यासाठी ती भेट होती, पण माझ्या हातून जाताना ती विक्री होती, आणि कस्टम्सच्या त्या छोट्या हिरव्या कागदावर सही माझी. मी थांबले ती तिसऱ्या वाक्यावर. 'अशा विनंत्या फसवणुकीच्या व्यवहारांत वारंवार आढळत असल्याने.' हे लिहायची गरजच काय होती? पैसे परत करत आहे, वडिलांचा पत्ता टाकून पुन्हा ऑर्डर करा, पार्सल थेट त्यांच्याकडे जाईल, एवढं लिहिलं असतं तर माझी एकही खिळी ढिली झाली नसती. नियम तोच राहिला असता. त्यांना वही मिळाली असती. काकांचं वाक्य पूर्ण आठवलं ते तेव्हा, चहाच्या कपासकट, त्यांच्या बोटांवर वाळलेल्या खळीच्या पापुद्र्यांसकट. देणाऱ्याला चोरही म्हणायचं नाही.

मी तयार उत्तरांच्या फाईलमधलं तिसरं वाक्य काढून टाकलं. त्याच रात्री त्या बाईंना मेल लिहिला. कितीतरी वेळा लिहून खोडला, कारण माफी मागताना आपली फसवणुकीची कहाणी मध्ये आणली की ती सबब होते, आणि न आणावी तर त्यांचा अंदाज खरा होता हे सांगायचं राहतं. शेवटी लिहिलं की तुमचा अंदाज बरोबर होता, पण ते ओझं तुमच्या अंगावर टाकायचं मला कारण नव्हतं. आणि तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर राहून गेलं: कागद 120 ग्रॅमचा आहे, दाबून लिहिलं तरी मागच्या पानावर उठत नाही, पण शाई फार भरून वाहणारं पेन असेल तर कडेला थोडी पसरते.

बारा दिवस काही आलं नाही. तेराव्या दिवशी मेल आला नाही, सरळ ऑर्डर आली. तीच करडी-निळी, कोरी. त्यासोबत एक ओळ: "बाबा आता माझ्याकडेच राहतात, त्यामुळे पत्ता एकच आहे."

वही पुढच्या आठवड्यात तयार झाली. फर्मे घट्ट बसले होते, पाठीवर हात फिरवला तर एकही गाठ लागत नव्हती. पान पूर्ण उघडून सपाट राहतं का हे दोनदा पाहिलं, थरथरत्या हाताला वही दाबून धरावी लागू नये म्हणून. वजनकाट्यावर ठेवून फोटो काढला. पत्त्याच्या चिठ्ठीचा फोटो काढला. हिरव्या कागदावर 'विक्री' या चौकटीत खूण केली, खरी किंमत लिहिली, सही केली. पोस्टातून पावती घेऊन आले आणि माझी लांबट वही उघडली, काकांच्या वहीसारखीच बांधलेली, कोपऱ्यांना कातडं. हात शाईच्या पेनाकडे गेला होता. थोडा वेळ ते पेन तसंच बोटांत धरून बसले. मग खाली ठेवलं, पेन्सिलीला टोक केलं आणि त्या बाईंच्या नावापुढे रक्कम लिहिली, समोर तारीख टाकली आणि सहा महिन्यांनंतरच्या पानात खुणेची दोरी सरकवून ठेवली.